रिसोरच्या पांढऱ्या घराच्या खिडक्या

नॉर्वेत जुनं लाकडी घर घेऊ पाहणारी ओळखीतली मराठी मंडळी गेल्या वर्षभरात एकच प्रश्न विचारतायत: घर आपल्या नावावर झाल्यावर खिडकी बदलायला आणखी कुणाची परवानगी कशाला? फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. आमच्या खिडक्यांचं काम २०२३ च्या सुरुवातीला निघालं आणि २०२५ च्या शरदात कागदोपत्री संपलं. मधे कुठल्या दारांत जावं लागलं, कुठे वाट बघत बसावं लागलं आणि किती पैसे गेले, ते सगळं ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने देते.

आधी गावाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचे नियम निव्वळ छळ वाटतील. रिसोर हे दक्षिण किनाऱ्यावरचं, स्कागेराक समुद्राकाठचं छोटं गाव. गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. ऑस्लोहून ई-१८ हमरस्त्याने गाडीने तीनेक तास. बंदराभोवती आणि मागच्या चढावर पांढऱ्या लाकडी घरांची गर्दी, मधून जेमतेम एक गाडी जाईल असे बोळ. १८६१ मध्ये इथे मोठी आग लागली. सुमारे ८५ घरं आणि १६४७ सालचं चर्च तेवढं वाचलं. बाकीचं गाव पुढच्या काही वर्षांत एकाच लाटेत उभं राहिलं, म्हणून घरांची उंची, खिडक्यांची मापं, दारांवरची नक्षी एकमेकांशी इतकी जुळते. तेव्हा गावाकडे पैसा होता. लाकूड समुद्रमार्गे परदेशी जायचं, गावची स्वतःची शिडाची जहाजं होती. मग वाफेची जहाजं आली, १८८६ मध्ये शेजारच्या आरेंदाल शहरात बँक बुडाली आणि या सगळ्या किनाऱ्याचा पैसा आटला. जुनं पाडून नवं बांधायची ऐपतच उरली नाही. आज ज्याला आपण वारसा म्हणून फोटो काढतो, त्यातला निदान निम्मा तरी गरिबीने राखलाय, असं माझं मत आहे.

आमचं घर आगीनंतरच्या त्या लाटेतलं. २०२२ च्या शरदात घेतलं. नवऱ्याला आरेंदालला नोकरी लागली होती, माझं काम घरून चालतं, आणि ऑस्लोतल्या फ्लॅटच्या किमतीत इथे अंगणासकट घर मिळत होतं. खरेदीची प्रक्रिया बाकीच्या नॉर्वेसारखीच, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. बोली एकदा लावली की बंधनकारक असते, त्यामुळे कागद बोलीच्या आधी वाचायचे. सरकारी दस्तऐवज शुल्क किमतीच्या अडीच टक्के, ते वेगळं धरून ठेवायचं. विक्रेत्याकडून घराच्या अवस्थेचा अहवाल मिळतो, त्यात प्रत्येक गोष्टीला ० ते ३ असा दर्जा असतो. ० म्हणजे उत्तम, ३ म्हणजे काम काढावंच लागेल. आमच्या रस्त्याकडच्या खिडक्यांना २ मिळाला होता, मागच्या बाजूच्या तिघींना ३. त्याच गठ्ठ्यात भाग-आराखड्याची, म्हणजे त्या भागात काय बांधता-बदलता येतं हे ठरवणाऱ्या आराखड्याची, पानं होती आणि आमचा भाग जतनासाठी राखलेला असल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दलाल ही पानं स्वतःहून वाचून दाखवत नाहीत. घर बघायला जाल तेव्हा ‘या पत्त्याला कुठला आराखडा लागू आहे आणि तो जतनाचा आहे का’ एवढं विचाराच.

पहिला जानेवारी आला आणि खिडक्यांनी आपला दर्जा सिद्ध केला. एकपदरी काच, तिला आतून सकाळी बर्फाची नक्षी, आणि चौकटीच्या फटीतून असा वारा की पडदा हलायचा. विजेचं बिल बघून नवऱ्याने एका खिडकी-कंपनीकडून दर मागवला: सगळ्या खिडक्या काढून तीनपदरी काचेच्या नव्या, बसवण्यासकट सुमारे अडीच लाख क्रोनर. (२०२३ मध्ये क्रोनरला ढोबळमानाने आठ रुपये पडत होते.) विक्रेता फोनवर फार गोड होता, पण परवानगीचं नाव त्याने एकदाही काढलं नाही. सही करायच्या आधी शेजारच्या आजोबांना सहज विचारलं. ते आयुष्यभर याच गल्लीत राहिलेत. म्हणाले, "आधी कोम्यूनेत जा. त्यांनी उतरवायला लावल्या तर दोनदा पैसे जातील."

कोम्यूने म्हणजे इथली नगरपालिका. बांधकामाची परवानगी तिच्याकडे. त्याच्या वर फिल्केस्कोम्यूने, म्हणजे जिल्हा पातळी. वारशाबाबत तिचा सल्ला घेतला जातो. सगळ्यात वर रिक्सआंतिक्वार, देशाचं वारसा खातं. आपल्याला बहुतेक वेळा फक्त पहिलीशी बोलावं लागतं, पण आपलं घर नकाशावर कुठे बसतं हे आधी बघून जावं. नॉर्वेत १९०० च्या आधीच्या इमारतींची ‘सेफ्राक’ नावाची नोंदवही आहे आणि नकाशावर त्या इमारतींवर छोटे त्रिकोण दिसतात. लाल त्रिकोण म्हणजे १८५० च्या आधीचं घर. ते पाडायचं किंवा त्यात मोठा बदल करायचा तर जिल्ह्याच्या वारसा विभागाला कळवणं कायद्याने सक्तीचं. आमचा त्रिकोण पिवळा निघाला. पिवळ्याने स्वतःहून काही बंद होत नाही, पण घराकडे जुनं म्हणून बघा एवढी सूचना मात्र त्यात असते. आमच्यावर खरं बंधन होतं ते जतनाच्या आराखड्याचं.

मार्चमध्ये मी पूर्व-बैठक मागितली. अर्जाआधी कोम्यूनेबरोबर बसून बोलायची ही सोय बांधकाम कायद्यातच आहे. मागितल्यापासून दोन आठवड्यांत ती व्हायला हवी आणि तिचं इतिवृत्त लिहिलं जातं. ते इतिवृत्त जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक कागदाला जोडायला उपयोगी पडतं. मी घराचा साधा आराखडा काढून प्रत्येक खिडकीला क्रमांक दिला, आणि त्याच क्रमांकाने आतून, बाहेरून व बिजागऱ्यांजवळून काढलेले फोटो नेले. माझं नॉर्वेजियन बरं आहे, पण ‘वळचण’, ‘पाणपट्टी’ असले शब्द कुठल्या भाषावर्गात शिकवतात? तेव्हा बोटाने दाखवता येईल असं काहीतरी हातात असलेलं बरं. आणि सरकारी कार्यालयाने नागरिकाला मार्गदर्शन करणं हे नॉर्वेत कायद्याने त्यांचं कर्तव्य आहे. ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का’ म्हणायला अजिबात लाजू नका.

त्या बैठकीत आमचा सगळा बेत बदलला. समोरच्या बाईंनी फोटो बघून खिडक्यांचे दोन ढीग केले. रस्त्याकडच्या सगळ्या मूळच्या किंवा जवळपास मूळच्या. "या दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. "आहे तशी दुरुस्ती म्हणजे देखभाल. तिला अर्ज लागत नाही." मी थंडीचं गाऱ्हाणं मांडल्यावर त्यांनी वारेविंदूबद्दल सांगितलं. मूळ खिडकीच्या आतून, खोलीच्या बाजूने, हिवाळ्यापुरती बसवायची दुसरी हलकी खिडकी. जुन्या एकपदरी काचेची यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता गळण्याचं माप, सुमारे ५ असतं. आत ऊर्जा-काचेचं वारेविंदू लावलं तर ते २ च्या आसपास येतं. नव्या तीनपदरीचं ०.८ वगैरे. म्हणजे नवी खिडकी सरसच, पण फरक मला वाटला होता त्यापेक्षा बराच कमी. शिवाय जुन्या खिडक्या हळू वाढलेल्या पाइनच्या गाभ्याच्या लाकडाच्या असतात. तसं लाकूड आज सहजी मिळत नाही. ते दीडशे वर्षं टिकलंय आणि नव्या खिडकीची हमी मात्र थोड्याच वर्षांची असते, हे त्यांनी नाही, मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

दुसरा ढीग मागच्या तिघींचा. या १९७० च्या दशकात कुणीतरी बसवलेल्या, एकाच मोठ्या काचेच्या, मधल्या आसावर फिरणाऱ्या. त्या काढून घराला साजेशा बसवायला हरकत नव्हती, उलट आनंदच होता. पण बाहेरून रूप बदलणार म्हणजे अर्ज आला. आणि ‘साजेशा’ म्हणजे कशा, याला पुरावा हवा.

पुरावा शोधण्यात २०२३ चा वसंत गेला, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मजा इथे आली. पहिली जागा कोम्यूनेचं बांधकाम-संग्रह. कोणत्याही घराचे जुने अर्ज बघायला मागता येतात, शेजाऱ्यांचेसुद्धा. आमच्या घराच्या फाइलीत १९७० च्या दशकातला एक अर्ज सापडला, हाताने काढलेल्या नकाशासकट, पण त्यात ‘नंतर’ होतं, ‘आधी’ नव्हतं. शेजाऱ्यांच्या फाइली मात्र फार कामाच्या निघाल्या. गेल्या काही वर्षांत कुणाला काय मान्य झालं, कुणाला काय नाकारलं आणि कुठल्या शब्दांत, हे वाचल्यावर आपला अर्ज कसा लिहायचा ते आपोआप कळतं.

दुसरी जागा आकाशातली. विडेरो या विमान कंपनीने गेल्या शतकाच्या मध्यावर नॉर्वेतली गावं, शेतं, घरं विमानातून तिरक्या कोनाने टिपली. त्यातले असंख्य फोटो राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर बघता येतात. रिसोरचे बंदराकडून काढलेले खूप आहेत. आमची मागची बाजू दिसेल असा एक मिळाला, तो मोठा करून बघितला, तर तीनऐवजी दोनच खिडक्या! दोन्ही उभट, मधे क्रॉस असलेल्या, वरच्या तावदानांपेक्षा खालची तावदानं लांब. तिसऱ्या जागी सपाट भिंत. म्हणजे समुद्र दिसणारी ती रुंद खिडकी सत्तरच्या दशकात नव्याने भोक पाडून केलेली होती. नवऱ्याचा चेहरा पडला, कारण त्याचं टेबल त्याच खिडकीपाशी.

तिसरी जागा डिजिटल-आर्काइव्ह, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराचं ऑनलाइन भांडार. तिथे जुन्या जनगणना आहेत. १९१० च्या जनगणनेत आमच्या पत्त्यावर एक खलाशी, त्याची बायको, मुलं आणि वरच्या खोलीत भाडेकरू शिवणकाम करणारी बाई. एवढ्याशा घरात इतकी माणसं! खिडक्यांसाठी त्याचा काही उपयोग नव्हता, तरी रात्री एकपर्यंत वाचत बसले. उपयोगी असतात त्या आगविम्याच्या मूल्यांकन वह्या. प्रत्येक घरात किती खोल्या, किती शेगड्या, किती खिडक्या, याची त्यात नोंद असते, कारण विमा त्यावरच ठरायचा. पण ती गॉथिक वळणाची अक्षरं मला मोडीइतकीच अगम्य. शेजारच्या आजोबांनी भिंग घेऊन आमच्या घराचं पान वाचून दिलं. मी बदल्यात पोहे केले. त्यांना लिंबू आवडलं, मिरची नाही.

हा सगळा ऐवज घेऊन पुन्हा कोम्यूनेत गेले. मला भीती होती की तिसरी खिडकी बुजवायला सांगतील. वारसा बघणाऱ्या सल्लागारांनी उलटंच सांगितलं. पन्नासेक वर्षं जुना बदल हाही घराच्या इतिहासाचाच भाग, तो पुसायची सक्ती नाही. दोन खिडक्या जुन्या रूपात न्या, तिसरी आहे त्या मापात ठेवून फक्त नवी काच घाला. यातून मला कळलं ते असं की ही माणसं घराला १८६० च्या दशकात परत न्यायला बसलेली नाहीत. पुरावा काय म्हणतो आणि गल्लीतून काय दिसतं, एवढंच ती बघतात.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती वाईची. म्हणाली, "अगं, आपला वाडा बिल्डरने पंधरा दिवसांत आडवा केला आणि तू तिकडे एका खिडकीसाठी वर्ष घालवतेयस?" त्या वाड्याच्या सागवानी खिडक्या कुठे गेल्या, ते तिला आजही माहीत नाही.

मग पैशाचं बघायला घेतलं. नॉर्वेत खाजगी मालकांना जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी मदत देणारा ‘कुल्तूरमिन्नेफॉन्दे’ नावाचा सरकारी निधी आहे, कार्यालय रोरोस या जुन्या खाणगावात. अर्जाची मुदत १ नोव्हेंबर, उत्तर पुढच्या वसंताच्या सुमारास. अर्ज बँक-आयडीने, म्हणजे इथल्या ऑनलाइन ओळखीने, भरायचा. कामाचं वर्णन, फोटो, सुताराचा दरपत्रक, आणि आपण स्वतः किती तास राबणार याचा अंदाज. हो, आपले स्वतःचे तासही खर्चात धरता येतात. दोन गोष्टी मात्र घट्ट लक्षात ठेवा. मंजुरीआधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. आणि मंजूर पैसे हातात येतात ते काम झाल्यावर, हिशेब आणि फोटो पाठवल्यावर. तोवर खर्च खिशातून. त्यामुळे आम्ही २०२३-२४ चा हिवाळाही पडदा हलत असतानाच काढला. फटींना लोकरी पट्ट्या लावल्या, दोन खोल्या बंद ठेवल्या आणि लाकडाची शेगडी पेटती ठेवली.

वाट बघायच्या त्या शरदात मी खिडकी-दुरुस्तीचा शनिवार-रविवारचा वर्ग केला. ‘फोर्तिड्समिन्नेफोरेनिंगेन’ ही १८४४ सालची जुनी वास्तू जपणारी संस्था. तिचे सभासद आपापल्या भागात असे वर्ग घेतात. फी अडीच हजार क्रोनरच्या आसपास गेली. सबंध प्रक्रियेत सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच. आम्हा विद्यार्थ्यांत एक दंतवैद्य होता, त्याचा लांबी, म्हणजे काच बसवायचं पुटीन, भरायचा हात बघण्यासारखा.

मागच्या खिडक्यांचा अर्ज २०२४ च्या जानेवारीत लावला. त्याआधी शेजाऱ्यांना सूचना द्यावी लागते, हरकतीसाठी त्यांना दोन आठवडे मिळतात. शेजाऱ्याने संमतीची सही दिली तर तेवढं थांबावं लागत नाही. आजोबांनी कॉफी पिता पिता सही केली. पलीकडचं घर सुट्टीपुरतं उघडतं आणि मालक वर्षातले दहा महिने दुसरीकडे. त्यांना रीतसर नोंदणी टपाल पाठवलं आणि दोन आठवडे मोजले. हरकत आली नाही. अर्जासोबत कोम्यूनेकडून विकत घेतलेला जागेचा नकाशा, मागच्या भिंतीची ‘आहे’ आणि ‘होणार’ अशी दोन रेखाटनं, खिडकीच्या लाकडी पट्ट्यांचा छेद खऱ्या मापात, विडेरोचा फोटो आणि पूर्व-बैठकीचं इतिवृत्त. छोटं काम म्हणून मालकाने स्वतः अर्ज केलेला चालला, वास्तुविशारद लागला नाही. फी काही हजार क्रोनर. ती प्रत्येक कोम्यूनेची वेगळी असते आणि दरवर्षी बदलते, तेव्हा दरपत्रक आधी बघा. असल्या अर्जाला बारा आठवड्यांची मुदत असते. आमचा निर्णय एप्रिलमध्ये, मुदतीच्या आत आला. निधीचं पत्रही त्याच्या थोडं आधी आलं होतं: मान्य खर्चाचा साधारण एक तृतीयांश. नकार आला असता तर तीन आठवड्यांत अपील करता येतं आणि ते कोम्यूनेत सुटलं नाही तर केंद्र सरकारच्या प्रतिनिधी कार्यालयाकडे जातं. परवानगी तीन वर्षं चालते, तेवढ्यात काम सुरू व्हायला हवं.

मे महिन्यात काम सुरू केलं. मागच्या दोन खिडक्या सुताराने बनवल्या, एकीचे पंधरा ते वीस हजार क्रोनर, जोडकाम धरून. रस्त्याकडच्या आम्ही स्वतः घेतल्या, सुतार फक्त कुजलेला भाग बदलायला. तो तासाला व्हॅट धरून हजाराच्या आसपास घेतो, म्हणून खरवडायचं काम त्याच्या हातात द्यायचं नाही हा पहिला धडा.

एक झडप, म्हणजे खिडकीची उघडणारी चौकट, कशी दुरुस्त होते ते सांगते. बिजागरीवरून उचलायची, तिचा क्रमांक वरच्या कडेला कोरायचा, आणि त्या जागी प्लायवुड लावून टाकायचं. मग टेबलावर आडवी. जुनी लांबी दगडासारखी. तिला इन्फ्रारेड दिव्याने मिनिटभर ऊब दिली की ती पटाशीखाली सोलवटून येते. इथे हॉट एअर गन वापरायची नाही. जुन्या रंगात शिसं असतं, फार तापवलं तर त्याची वाफ होते, आणि लाकडी गावात असल्या गनने आग लागायची भीती असते ती वेगळीच. मुखपट्टी साध्या कापडाची नव्हे, बारीक धूळ अडवणारी, पी-३ दर्जाची. मुलांना त्या खोलीत मज्जाव. काच सुटून हातात आली की उन्हाकडे धरून बघायचा मोह आवरत नाही. आत बारीक बुडबुडे, आणि काच हलवली तर समोरचं चर्च थोडं डोलतं. दोन काचा माझ्या हातून फुटल्या. त्यांच्या जागी जुन्या घरातून काढलेल्या काचा मिळाल्या. अशा काचा फेकू नका, गावात कुणाला तरी हव्याच असतात.

मग रंग. चौकटीच्या एका कोपऱ्यात सल्लागारांनी सांगितल्याप्रमाणे रंगाचा ‘जिना’ करून बघितला. धारदार पात्याने एकेक थर बोटभर रुंदीत उघडा ठेवत खाली जायचं. वर प्लास्टिकसारखा कडक पांढरा, मग मऊ पिवळट पांढरा, त्याखाली राखाडी, आणि अगदी तळाला गेरूच्या जवळ जाणारा पिवळा. म्हणजे आमचं ‘पांढऱ्या गावातलं’ घर सुरुवातीला पांढरं नव्हतंच! पांढरा रंग एके काळी महाग होता. या किनाऱ्यावर बरेच जण रस्त्याकडची बाजू पांढरी करायचे आणि मागची स्वस्तातली लाल. आमच्या मागच्या लाकूडफाट्याच्या खोपटाची भिंत अजून लाल आहे. मी उत्साहाने सल्लागारांना फोटो पाठवला. त्यांनी कौतुक केलं, फाइलीत ठेवायला सांगितलं आणि रंग पांढराच द्यायला सांगितला.

उघड्या लाकडाला आधी जवसाचं कच्चं तेल, पिईल तेवढं. मग काच, बारीक खिळे, जवसाच्या तेलातली लांबी. मग जवस-तेलाच्या रंगाचे तीन हात, प्रत्येक अगदी पातळ. लिटरला पाचशे क्रोनरच्या आसपास पडतो, पण पुरतो भरपूर. पहिल्यांदा वाटतं की हा वाळतच नाही. दोन हातांमधे कोरड्या हवेत दोन-तीन दिवस, पावसात आठवडा. एक ताकीद: या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा. वर्गात हे आम्हाला इतक्यांदा सांगितलं गेलं की मला स्वप्नात बादली दिसायची. १८६१ नंतर या गावात तो विषय कुणी हलक्यात घेत नाही.

वेळापत्रकाबद्दल. जुलैत नॉर्वे सुट्टीवर असतं. सुतार, काचवाला, कार्यालयं, कुणी फोन उचलत नाही. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला रिसोरमध्ये लाकडी होड्यांचा महोत्सव भरतो, १९८३ पासून. बंदर डोलकाठ्यांनी भरून जातं आणि गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. परांची रस्त्यावर येत असेल तर तिला वेगळी परवानगी लागते, म्हणून वरच्या मजल्याचं काम आम्ही जूनच्या अखेरीला उरकून परांची उतरवली. महोत्सवात मला एक फायदा झाला. होड्या बांधणारे कारागीर लांबी, तेल, डांबर यांबद्दल तासन्‌तास बोलायला तयार असतात. आमच्या पाणपट्टीचा, म्हणजे खिडकीवरचं पाणी बाहेर ओघळवणाऱ्या फळीचा, उतार कमी आहे, पाणी साचतंय, हे त्यातल्याच एकाने रस्त्यावरून जाता जाता सांगितलं. ते सुताराकडून दुरुस्त करून घेतलं.

उरलेल्या झडपा २०२५ च्या उन्हाळ्यात झाल्या. वारेविंदू मात्र २०२४ च्या शरदातच बसवले होते, कारण त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येकी तीन ते चार हजार क्रोनर, आतल्या बाजूने रबरी पट्टीसह. एक बारकावा: रबरी पट्टी फक्त आतल्या खिडकीला. बाहेरची थोडी श्वास घेती ठेवायची, नाहीतर दोन काचांमधे दव धरतं. हिवाळ्यात खोलीतला वारा थांबला. विजेचं बिल किती कमी झालं ते सांगत नाही, कारण त्याच सुमारास आम्ही हीट पंपही बसवला आणि दोन्हींचा हिशेब वेगळा करता येत नाही. (हीट पंपाचं बाहेरचं खोकं रस्त्यावरून दिसता कामा नये, म्हणून तेही मागे, लाल भिंतीपाशी.)

एकूण खर्च, मागच्या खिडक्या, सुतार, वारेविंदू, साहित्य आणि फी धरून, दोन लाख क्रोनरच्या थोडा खाली गेला. निधीचे पैसे वजा केले तर कंपनीच्या अडीच लाखांपेक्षा बराच कमी. पण आमचे दोन उन्हाळे त्यात आहेत. कुणाला तेवढा वेळ नसेल तर सगळं काम कारागिराला द्यावं, फक्त मग आकडा कंपनीच्या वर जाईल हे धरून चालावं.

शेवटचे कागद दोन. कोम्यूनेला काम संपल्याचं कळवून पूर्णत्वाचा दाखला मागायचा. घर पुढे विकताना तो नसेल तर दलाल पहिल्यांदा तोच मागतो. आणि निधीला अंतिम अहवाल: आधीचे व नंतरचे फोटो त्याच क्रमांकांनी, बिलं, आणि आपल्या तासांची नोंद. तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, तारीख आणि खिडकीचा क्रमांक टाकून. अहवाल पाठवल्यावर काही आठवड्यांत पैसे खात्यात आले. माझ्या अर्जाचं नॉर्वेजियन मजकुरातलं कामाचं वर्णन आणि खिडकी-क्रमांकांचा तक्ता कुणाला नमुना म्हणून हवा असेल तर पत्ता आणि नावं खोडून पाठवते. १ नोव्हेंबरच्या मुदतीसाठी मात्र निदान ऑगस्टमध्ये मागा, कारण सुताराचं दरपत्रक मिळवण्यातच दोन महिने जातात.